शेवटच्या दोन वर्षांचे मार्क

"मागचं कोण पाहते, ताई?" असं म्हणून ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि पुढच्या कामाला लागायची. कॅनडातल्या विंडसरच्या एका वृद्धाश्रमात आम्ही दोघी एकाच मजल्यावर मदतनीस होतो. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. ती नागपूरची, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळे त्यांचं कौतुक करतात आणि आपल्याला ते ऐकवत नाही.

मी पुण्याची, मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. पहिल्या वर्षी कॉलेजात पहिली आले होते. ही बी.कॉम. आणि पहिल्या वर्षी तीन विषयांत नापास. जेवणाच्या सुट्टीत ती हे स्वतःच हसत सांगायची. मला ते ऐकायला फार आवडायचं, कबूल करते.

पदवीधरांसाठी नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स असतो. त्याला अप्लाय करायचं आम्ही ठरवलं. नियम तिने वाचून दाखवले. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांचेच मार्क धरतात, शिवाय शरीररचना, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय अलीकडे केलेले लागतात. म्हणजे तिचे तीन नापास पुसले गेले आणि माझा पहिला नंबरही. शेवटच्या वर्षी माझी आई आजारी होती, मी कशीबशी पास झाले होते, आणि मोजणार नेमकं तेच. माझा नुसता जळफळाट झाला.

सगळे विषय सोबत ऑनलाइन करू, असं ती मागे लागली. मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर, मी पुन्हा जिवाणू शिकू? त्याऐवजी मी प्रवेश कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं आणि पहिल्या नंबराच्या प्रमाणपत्राचा फोटो जोडला. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं, त्यामुळे फोटोत मी भाड्याने राहायचे त्या बेसमेंटमधला दिवाही चमकला.

ती मात्र शिकत राहिली. आमच्या मजल्यावरच्या एक गोऱ्या आजी तिच्यापुढे आपला हात धरायच्या आणि ती त्यांच्या मनगटाची आठ हाडं नावानिशी मोजायची. त्या आजी माझ्याशी कधी धड बोलल्या नाहीत.

स्टॅटिस्टिक्स तिला जमेना. वही घेऊन ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, मी सगळं विसरलेय." एक अक्षर विसरले नव्हते. त्यानंतर तीन आठवडे ती लंच रूममध्ये एकटीच डोकं धरून बसायची आणि मी समोर बसून पोळीभाजी खायचे.

तिला प्रवेश मिळाला. मला सभ्य भाषेत नकार आला. पहिल्या वर्षाचे गुण विचारात घेतले जात नाहीत, आवश्यक विषय अपूर्ण आहेत, असं त्यात होतं.

शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना चिवडा दिला. माझा डबा भरताना हळूच म्हणाली, "तुम्हाला स्टॅटिस्टिक्स येत होतं नं, ताई?"

मी मान खाली घातली.

"मला वाटलंच होतं. आता मलाही येते. लागलं तर सांगा, मी शिकवीन."

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला. प्रवेश तिला मिळाला तो मिळाला, माफ करायचा मानही तिनेच घेतला. तो चिवडा मी आठवडाभर उघडला नाही.

ती दुसऱ्या गावी गेली. तिच्या जागी आलेली बाई कामाला चांगली आहे. आजी मात्र अजून सकाळी हात पुढे करतात, थोडा वेळ वाट पाहतात आणि परत पांघरुणात घेतात.

गेल्या महिन्यात मी तिन्ही विषयांना नाव घातलं. पुढच्या वर्षी पुन्हा अप्लाय करणार आहे. स्टॅटिस्टिक्सचा पहिला धडा मी अर्ध्या तासात संपवला. मग तिला फोन लावला आणि म्हटलं, काही कळत नाही गं, शिकवतेस का?

ती हरखली. सावकाश, एकेक पायरी फोडून सांगू लागली. मध्ये एके ठिकाणी चुकली. माझ्याने राहवलं नाही, मी दुरुस्त केलं. पलीकडून ती म्हणाली, "म्हणजे आताही येते नं तुम्हाला, ताई?"