खिरीचा नमुना

आमच्या लॅबमध्ये रोज कोणाच्या तरी बिघडलेल्या पोटाचा माल येतो, त्यामुळे किश्शांना तोटा नाही. मी नमुने आणणारा टेंपो चालवतो. शिक्षण आठवी नापास. माझा मोठा भाऊ, दादा, आत पांढरा कोट घालून त्याच नमुन्यांतून विष वेगळं काढायचा. किस्से सगळे त्याचेच. तो गेल्यापासून मीच सांगत सुटलोय. गप्प बसलो की काहीतरी फोडावंसं वाटतं.

*

कळंबकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर भाताचं पातेलं घेऊन स्वतः आला. तिकडे पाहुणे उलट्या करत होते आणि हा म्हणतो, "अहो, परत खळखळून गरम केलाय. आता काय राहणार त्यात?"

दादा म्हणाला, "जंतू मेले असतील. त्यांनी सोडलेलं विष नाय मरत. मेलेल्याच्या मागं ते राहतंच."

"काहीतरीच!" म्हणत मॅनेजरने सगळ्यांसमोर दोन घास खाल्ले आणि ऐटीत निघून गेला.

संध्याकाळी रिपोर्ट विचारायला फोन आला. त्याच्या बायकोचा!

*

दादाचं काम लांबून साधं दिसायचं. पदार्थ वाटायचा, मशीनमध्ये गरगर फिरवायचा, वरचं पाणी गाळायचं, मग ते काचेच्या उभ्या नळीतून थेंबथेंब उतरवायचं. एका लग्नातलं श्रीखंड असं गाळत गाळत शेवटी कुपीच्या तळाशी थेंबभर उरलं. पाण्यासारखं स्वच्छ. ना वास, ना रंग.

स्टोअर सांभाळणारे नजीरचाचा वाकून बघत म्हणाले, "एवढ्याशाला घाबरायचं?"

"चाचा, अख्खी वरात हाय यात!"

चाचांनी त्या दिवशी चहा रस्त्यावर जाऊन घेतला.

*

प्रत्येक वेळी सोबत एक चांगला पदार्थही तपासतात, म्हणजे मशीन खोटं बोलत नाही ना ते कळतं. त्यासाठी दादा घरून आईची खीर न्यायचा. ती कधीच खराब निघाली नाही. लॅबच्या मुख्य मॅडम म्हणायच्या, "तुझ्या आईला जंतू घाबरतात रे!"

आईला सांगितलं तर ती भडकली. "माझी खीर विषाच्या शेजारी मांडता? मेल्यांनो, पाटावर तरी ठेवा!"

*

एका रविवारी दादाने घरी आईची खीर खाल्ली. दुपारी उलट्या. कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका असेल. संध्याकाळी दादा नव्हता.

आमच्या पोशीर गावात बायका कुजबुजल्या, "आईच्या हातचं खाऊन गेला गं." आईने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पोहोचवून आम्ही परत आलो. अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नसतं. मी तसाच घरात घुसलो, फ्रीजमधला खिरीचा डबा उचलला आणि टेंपो खालापूरला लॅबकडे सोडला.

दारात नजीरचाचा. "अरे, अंघोळ तरी केलीस का?"

"नाय."

"खांदा देऊन सरळ इकडं?"

"चाचा, सरका!"

मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसाचा नमुना नियमात बसत नाही. मी म्हटलं, "मग काचा फोडू का?" त्यांनी मुकाट्याने डबा घेतला. झाकण काढलं तसा लॅबभर वेलचीचा वास सुटला. अर्धी खीर तपासायला घेतली, अर्धी नेहमीप्रमाणे फ्रीजरमध्ये गेली.

*

दादाची एक सवय होती. फिरवायचं मशीन थांबलं की झाकणावर बोटाने टकटक करायचा, मगच उघडायचा. विचारलं तर म्हणायचा, "आत कोणी असलं तर दचकायला नको!"

खीर फिरवून मशीन थांबलं. मॅडम हातमोजे घालत होत्या. चाचा दारात, मी खिडकीपाशी.

टकटक.

"कोणी वाजवलं रं?" मी ओरडलो.

चाचा म्हणाले, "माझे हात खिशात आहेत."

झाकण उघडायला कोणीच पुढे होईना.

*

तेरावं झालं तरी आई चुलीकडे फिरकली नव्हती. शेजारची काकू भाकरी द्यायची. मी पहिला घास खाल्ला की आई आधी माझ्या तोंडाकडे बघत बसायची. शेवटी रिपोर्ट आला. खीर स्वच्छ. कणभरही विष नाही. मी टेंपो दामटत घरी आलो.

"आई, खिरीत काय नव्हतं! मशीननं सांगितलं!"

"कुठल्या खिरीत?"

"त्याच. मी डबा नेला ती."

आई म्हणाली, "तुमी त्याला पोहोचवायला गेलात ना, तेव्हाच मी ती सगळी खाल्ली. म्हटलं, असंल विष तर जाते त्याच्यासंगं. चाटूनपुसून खाल्ली. डबा घासला नि पालथा घातला."

"आणि मग?"

"मग काय. मेले नाय. वाटलं, म्हातारीला पचलं, पोराला नाय पचलं."

"परत केली असशील गं."

"कोण करणार? दूध तरी होतं का घरात?"

सकाळी लॅबमध्ये गेलो, तर मॅडमनी हाक मारली आणि फ्रीजरचं दार उघडलं.

"अर्धी खीर उरलीये रे. आईंना हवी असेल तर घेऊन जा."