ओल्या सागाचा खांब

आजवर हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही — ती गेली, न कळताच गेली. बहिणीला निम्मं सांगितलं, आणि त्या निम्म्यातही खोटं मिसळून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ अजून टाळूला चिकटते.

मी धारवाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवत असे. कडक होतो. पोरं मला बघून रस्ता बदलायची आणि मला त्याचा अभिमान होता — लपवू कशाला? घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी एक जुना लेथ ठेवला होता, हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपनं मोडीत काढलेला. शाळा सुटली की त्यावर लाकूड कातत बसायचं. लाटणी, भोवरे, वाडगी, पाटाचे पाय. बायको म्हणायची, आमटीत भुसा, अंथरुणात भुसा, ह्या माणसाच्या डोक्यातसुद्धा भुसाच. म्हणू दे. पटाशी टेकवली की लाकूड गोल होत जायचं, आणि जगात एवढी एक गोष्ट तरी मुकाट्यानं माझं ऐकते असं वाटायचं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. हुबळीचे एक सॉमिलवाले होते, सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणत. त्यांनी गोकुळ रोडवरच्या आपल्या शेडमध्ये कातकाम करणाऱ्यांचा तीन दिवसांचा मेळावा भरवला. पिढीजात कारागीर आणि माझ्यासारखे हौशी, दोघांनाही बोलावलं. हौशी म्हणजे एक डॉक्टर, दोन बँकवाले, एक रेल्वेतला आणि मी. कारागिरांत सगळ्यात मोठं नाव कलघटगीच्या रुद्राप्पाचं. कलघटगीचे पाळणे तुम्ही बघितले असतील — सागाचे, वर लाखेचे रंग, चार कोपऱ्यांना चार कातीव खांब. आमच्या भागात नातवंड होणार म्हटलं की रुद्राप्पाला निरोप जायचा.

पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपली एक वस्तू दाखवायची होती. मी शिसवीचा कुंकवाचा करंडा नेला होता, धाकट्या बहिणीसाठी केलेला. विमल तेव्हा एकोणतीस वर्षांची. सात ठिकाणी दाखवून झालं होतं, आणि 'कळवतो' म्हणून गेलेले सातही जण पुन्हा फिरकले नव्हते. त्या दिवशी माझा डबा घेऊन ती आली होती. बायकांच्या बाजूला बसली होती.

झाकणाच्या डबीची परीक्षा सोपी असते. नुसतं झाकण धरून उचलायचं. बसवणूक नीट असेल तर डबी झाकणाला धरून वर येते. रुद्राप्पानं माझा करंडा उचलला — आणि डबी सुटली, टणकन खाली पडली, घरंगळत डॉक्टरांच्या खुर्चीखाली गेली. रुद्राप्पा हसला. म्हणाला, "मास्तर, झाकणाचं आन डबीचं लगीन लागलं नाही की अजून. नुसतं बघणं झालंय!"

अख्खी शेड हसली. हसली म्हणजे — अहो, वरचे पत्रे वाजले! आमचे हेडमास्तर पुढच्या रांगेत होते, तेही रुमाल तोंडाला लावून हसले. ज्यांना आमच्या घरचं ठाऊक होतं ते आधी हसले, मग माझ्याकडं बघून एकदम गप्प झाले. ते गप्प होणं जास्त झोंबलं. त्या माणसाला विमलचं ठाऊक होतं का? कुठून असणार? पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी विमलकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या बहिणीच्या देखत बोलला ना हा — मग याला सोडायचा नाही, एवढं तिथंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी रुद्राप्पा आपणहून माझ्याशेजारी येऊन बसला. झाकण कसं बसवायचं ते अर्धा तास शिकवलं. आतली कड किती ठेवायची, पटाशी कुठं टेकवायची. "सावकाश री मास्तर, सावकाश." इतक्या मायेनं सांगत होता! तुम्हाला वाटेल, इथं माझा राग उतरला. छट्! तो मला शिकवत होता — मला! — आणि सगळे बघत होते. मी 'बरं, बरं' म्हणत मान डोलवत होतो आणि मनात दातओठ खात होतो.

तिसऱ्या दिवशी त्याचं मोठं काम होतं. अप्पासाहेबांच्या मुलीला नववा महिना लागला होता, तिच्यासाठी पाळणा. तीन खांब रुद्राप्पानं घरी, दोरीनं ओढायच्या लेथवर करून आणले होते. चौथा तो सगळ्यांसमोर विजेच्या लेथवर करणार होता. आणि लाकडाच्या खोलीची किल्ली कुणाकडं? मास्तर म्हणजे शिस्तीचा माणूस, म्हणून माझ्याकडं. खोलीत एका बाजूला रुद्राप्पाचा साग, तीन वर्षं सावलीत वाळवलेला. दुसऱ्या बाजूला त्याच आठवड्यात कापलेला ओला साग, हौशांना हात बसवायला. ओलं लाकूड पटाशीखाली लोण्यासारखं कापलं जातं, शिकणाऱ्याला बरं पडतं. पण वाळताना ते आकसतं आणि उभं फाटतं. टिकायची वस्तू त्याची कुणी करत नाही.

आता सांगतोच. नाही, थांबा, आधी एक गोष्ट. मी ते रागाच्या भरात केलं नाही. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, सगळ्यांच्या आधी पोचेन अशी बस पकडली. खोली उघडली. रुद्राप्पाचा वाळका ठोकळा माझ्या पिशवीत घातला आणि त्याच मापाचा ओला त्या जागी ठेवला. तो आपल्या लाकडाच्या टोकाला लाल काव लावून एक गोल आणि मध्ये टिंब काढायचा. मीही काढला. त्याचा गोल वाकडा असायचा. फळ्यावर नुसत्या हातानं बिनचूक वर्तुळ काढणारा मी, त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं वर्तुळ काढलं.

विजेच्या लेथची त्याला सवय नव्हती. "मास्तर, तुम्हीच लावा री," म्हणाला. लाकूड मी चढवलं, म्हणून त्याच्या हाताला वजन कळलं नाही. पण पटाशी टेकवल्याबरोबर कळलं. वाळक्या सागाचे आखूड, चुरचुरीत तुकडे उडतात. ओल्याच्या लांबच लांब साली निघतात. त्यानं लेथ थांबवायला लावला. एक साल उचलून गालाला लावली. आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला विचारलं, "मास्तर, लाकूड ओलं वाटतंय की हो?"

तिथं थांबता आलं असतं, नाही का? 'अरे, चुकून दुसरं आलं वाटतं' — एवढं म्हटलं की संपलं. मी काय म्हणालो? म्हणालो, विजेवर लाकूड जोरात फिरतं, त्यामुळं साली अशाच लांब निघतात. आणि टोकाची खूण दाखवली. हे बघा, तुमचंच आहे.

त्यानं ऐकलं. जन्मभर ज्या हातानं त्याला कधी फसवलं नव्हतं, त्या हाताचं सोडून त्यानं माझं ऐकलं. का? तर मी मास्तर. मास्तर कशाला खोटं सांगेल? खांब झाला, लाख चढली, केवड्याच्या पानानं घासल्यावर चकाकला. टाळ्या पडल्या. जोडणीच्या आधी त्यानं तो खांब हातात घेऊन एकदा तोलला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पाळणा जोडला गेला.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. अप्पासाहेबांकडं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, म्हणून कुणाची नजर त्याच्यावर गेली नाही. मी मात्र तो विसरलो नाही. उन्हं तापायला लागली. वर्गात शिरावं तर फळ्यावर पोरांनी लिहिलेलं असायचं, 'लगीन लागलं का?' मी डस्टर घेऊन पुसायचो आणि मनात म्हणायचो — वाळ बाबा, वाळ. फाट.

बारशाचं आमंत्रण मला आलं. रुद्राप्पालाही आलं होतं, त्याला शाल द्यायची होती. मी लवकर गेलो. मधल्या घरात पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळांनी मढवलेला. कारागिरी बघतो म्हणून जवळ गेलो आणि एक माळ बाजूला केली. खांब फाटला होता. वरच्या कडीपासून पार खालपर्यंत, नखभर रुंद.

काय केलं मी? मी माळ परत जागेवर सारली. दोन फुलं नीट केली. बाहेर येऊन पुरुषांत बसलो आणि सरबत प्यालो.

त्या पाळण्यात बाळ घालणार होते. ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. साखळी त्याच खांबाच्या कडीत होती. तुम्ही म्हणाल, आधी वरवंटा घालतात, मग बाळ, तो भरवसा असेल मास्तरांना. हो, ती रीत मला ठाऊक होती. पण तेव्हा ती माझ्या मनात होती असं म्हटलं तर आणखी एक खोटं होईल. मला वरवंटा आठवला नाही, बाळही आठवलं नाही. मला भरल्या घरात रुद्राप्पाचं तोंड बघायचं होतं. तेवढंच.

बायकांनी वरवंट्याला कुंची घातली, पाळण्यात निजवला, गाणं धरलं, पहिला झोका दिला. काडकन आवाज झाला. कडी खांबातून उपटून आली, पाळणा एका कोपऱ्यावर कलला आणि वरवंटा फरशीवर आपटला. फरशी फुटली. बाळ आईच्या हातात होतं, वीतभर अंतरावर. ती पोरीला छातीशी आवळून नुसती मागं मागं सरकत भिंतीला टेकली.

रुद्राप्पा आत धावला. खाली बसला, चिरेत नख घातलं, वास घेतला. त्याचं तोंड मी बघितलं. ज्यासाठी इतके दिवस थांबलो होतो ते तोंड — काळंठिक्कर पडलं होतं. अप्पासाहेब त्याच्यावर गरजले, लबाडा, नातीच्या जिवावर उठलास की रे माझ्या! मग माझ्याकडं वळले. मास्तर, तुम्ही होता ना तिथं?

मी म्हणालो, "मी तेव्हाच याला म्हणालो होतो, लाकूड ओलं वाटतंय. यानं ऐकलं नाही."

त्याचेच शब्द. ते चोरून मी त्याच्याच तोंडावर मारले. रुद्राप्पानं मान वर केली, आणि त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता बोलेल. पण त्या घरात त्याचं कोण ऐकणार होतं? त्यालाही ते कळलं असावं. "हौद री," म्हणाला, म्हणजे होय जी. "मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असंल." आणि चपला घालून निघून गेला.

घरी आलो तेव्हा विमल पोळ्या लाटत होती. लाटणं नवं होतं. त्या पिशवीतल्या वाळक्या सागाचं मीच केलेलं, उत्तम झालं होतं. मी तिला रंगवून सांगितलं, त्या रुद्राप्पाचा पाळणा मोडला, तुझी चेष्टा केली त्याचं फळ देवानं दिलं. ती लाटायची थांबली. म्हणाली, "कसली चेष्टा, अण्णा? त्याला काय ठाऊक माझं? मला तर इतकं हसू आलं, तोंडात पदर कोंबला मी." आणि परत लाटायला लागली. म्हणजे तिच्यासाठी केलं, हेही गेलं. जे केलं ते माझं मी केलं होतं.

बारशाला मोडलेल्या पाळण्याची गोष्ट गावोगाव जायला किती वेळ लागतो? ज्याच्या पाळण्यातून वरवंटा पडला, त्याच्याकडं कोण आपल्या लेकरासाठी जाईल? कलघटगीत बाकीच्यांचे पाळणे होत राहिले. रुद्राप्पाचे बंद झाले.

सहा-सात वर्षांनी मी बेळगावला एका लग्नाला निघालो होतो. धारवाडच्या स्टँडवरच बस गच्च भरलेली. खिडकीशी एक म्हातारा, अंगात कारखान्याची खाकी, मांडीवर डबा. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं. धारवाडबाहेर बेळगावच्या वाटेवर बेलूर लागतं, तिथल्या एका कारखान्यात तो खोकी ठोकायला जात होता, असं मागाहून कळलं. तो उठला. "बसा मास्तर," म्हणाला. टोमणा होता, की नुसती सवय? मला आजही सांगता येत नाही. माझे पाय दुखत नव्हते. वयानं तो माझ्यापेक्षा मोठा होता.

मी बसलो. बेलूर येईपर्यंत तो दांडा धरून माझ्या डोक्याशी उभा होता, खड्ड्याखड्ड्याला हेलपाटत. मी खिडकीबाहेर बघत होतो. आणि मला बरं वाटत होतं.