हुंकार देणारा

लॉकडाऊनमध्ये विद्यापीठाच्या ऑनलाइन जर्मन वर्गात आम्ही सगळे हजर असायचो, म्हणजे आमची नावं असायची. कॅमेरे बंद, माईक बंद, आणि मी साताऱ्यात पांघरुणात. फक्त आटपाडीचा एक मुलगा गोठ्याच्या स्लॅबवर रेंज धरून बसायचा आणि मॅडमच्या प्रत्येक वाक्याला मोठ्यानं "व्हय" म्हणायचा. गावात कुणी गोष्ट सांगायला लागलं की समोरचा हुंकार देतो, तसा.

"माईक बंद ठेव रे," मॅडम एकदा वैतागल्या.

"आवं मॅडम, मग आमी जागं हाय ह्ये तुमाला कळायचं कसं?"

जर्मन त्याला शेवटपर्यंत आलं नाही. आम्ही ग्रुपवर त्याच्या नकला करायचो.

मग मॅडमना कोरोना झाला. बऱ्या होऊन परतल्या तेव्हा आवाज पार खोल गेला होता. नेमकी त्याच दिवशी आटपाडीची रेंज गेलेली, तो नव्हता. दोन वाक्यं बोलून मॅडम थांबल्या.

"कुणी आहे का?"

काळ्या चौकोनांतलं कुणी हललं नाही. शेवटी मी माईक चालू केला आणि पोह्यांचा घास तोंडात असतानाच "व्हय" म्हणालो. मॅडम पुढं शिकवू लागल्या.

वर्षभरात त्या वर्गात मी बोललेला तो पहिला शब्द, आणि तोही त्याच्याकडून ढापलेला.