पैठणीवरचा पट्टा

साठी उलटल्यावर मी प्रथमच छापण्यासाठी काही लिहीत आहे. या धाडसाबद्दल वाचकांची क्षमा मागते. आयुष्यभर इतरांच्या निबंधांवर लाल शाई फिरवणाऱ्या बाईने स्वतः लेखणी हाती घ्यावी का, याविषयी मी अजूनही साशंक आहे. परंतु माझ्या घरमालकीण काकूंनी “लिवा की, लाजताय काय!” असा तगादाच लावला आहे.

मारुंजीत मी त्यांच्याकडे भाड्याने राहते. गाडी चालवायलाही मी निवृत्तीनंतरच शिकले. एके दिवशी मुठा गावात त्यांच्या भाचीचे लग्न होते. काकू माझ्या शेजारी बसल्या, पट्टा स्वतःच्या पाठीमागून नेऊन त्यांनी खटक्यात अडकवला आणि त्यावरच निवांत टेकल्या. पट्टा लावेपर्यंत वाजत राहणारी गाडीची पिपाणी थांबली. आमच्याकडे बहुतेक जण असेच करतात.

“काकू, पट्टा पुढून घ्या ना.”

“नव्या पैठणीचा चोळामोळा हुईल. तुमी बैलगाडी हाकल्यागत चालवताय, लागतोय कशाला?”

एरवी मी गप्प बसले असते. वर्गातसुद्धा कोणाला उभे करताना माझाच चेहरा उतरत असे. परंतु पिरंगुट ओलांडल्यावर मला राहवेना. गाडी कडेला घेऊन मी इंजिन बंद केले.

“पट्टा लावल्याशिवाय मी निघणार नाही.”

“आवो बाई, लगीन लागंल तिकडं!”

“लागू दे.”

काकूंनी फणकाऱ्याने पट्टा पुढून घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवले.

पुढे मुठ्याच्या खिंडीतल्या एका वळणावर समोरून येणारी मोटार टेम्पोला ओलांडत थेट आमच्या बाजूला आली. चालकाच्या एका हातात फोन होता, एवढे मी पाहिले. ब्रेक दाबेपर्यंत धडक बसली. एअरबॅग फुगल्या, माझे मनगट मोडले. काकू डोळे मिटून कण्हत होत्या.

धावून आलेल्यांपैकी एकाने त्यांचे पाय धरले. “वढ रं बाहेर!”

“ओढू नका! मान हलवायची नाही! आधी रुग्णवाहिका बोलवा!” इतक्या मोठ्याने मी कधीच ओरडले नव्हते.

“म्हातारी जाईल की, बाई!”

काकू डोळे न उघडताच पुटपुटल्या, “मेल्या, म्हातारी कुनाला म्हनतो? त्या म्हनत्यात तसं कर. न्हाई आयकलं तर हितंच बसवून ठेवत्यात त्या.”

रुग्णालयात कळले की काकूंचे खांद्याजवळचे हाड तडकले होते. डोके आणि मान मात्र पूर्णपणे शाबूत होती. खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरका, निळाजांभळा वळ उमटला होता. “पट्टा पाठीमागे असता, तर या काचेवर आदळल्या असत्या,” डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याने मला जो आनंद झाला, तो पदवीदान समारंभातही झाला नव्हता.

काकूंनी तो वळ पदर सारून गल्लीतल्या प्रत्येकीला दाखवला. “हितं बगा, बाईंची सही!” मी जमिनीकडे पाहत असे, पण खोटे कशाला लिहू, ऐकायला फार गोड वाटत असे.

मनगट बरे झाल्यावर त्याच खिंडीतून मी काकूंना भाचीच्या घरी पोहोचवले. परतल्यावर त्यांनी आपल्या थोरल्या मुलाची गाडी तपासली. मागचे पट्टे नव्या सीटकव्हरखाली गाडले गेले होते. काकूंनी भर अंगणात, सगळ्यांसमोर त्याला ती कव्हरे उसवायला लावली.

तुमच्या गाडीतले मागचे पट्टे कव्हरच्या वर आहेत का?