खंडेनवमीचं इंजिन

इंजिन बंद पडलेलं असताना ते चालू करण्याची अजिबात घाई नसलेला मेकॅनिक साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. बायकोचे हे सख्खे मामा इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी राहतात. ऐन उमेदीत त्यांनी निरवांगीपासून पार सांगवीपर्यंत विहिरींवरची डिझेल इंजिनं सायकलवर हिंडून दुरुस्त केली. पुढे वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बेकार झालेली ती इंजिनं बोटींत जाऊन बसली. मामाही त्यांच्यामागोमाग पाण्यावर गेले. स्वतःची एक बोटही केली त्यांनी, पण ती चालवण्यापेक्षा दुसऱ्यांच्या बंद बोटींत बसणं त्यांना जास्त आवडायचं.

कुणी धावत आलं की मामा आधी त्याला खाली बसवणार, चहा सांगणार आणि मग चौकशीला लागणार. काल कुठवर गेली होती? येताना खोकत होती का ठसकत होती? धूर काळा का पांढरा? बंद कुणी केली? एकदा एका मासेमाराची जाळी मध्यावर पाण्यात पडून होती आणि बोट काठाला ठप्प. तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, "तात्या, आता पाना घ्या की हातात." मामा शांतपणे बशीतला चहा फुंकत म्हणाले, "डॉक्टर आदी पोट फाडतो का आदी इचारतो?" आणि खरोखर, विसाव्या प्रश्नाला कबुली निघाली की डिझेलचा कॅन त्याच्या बायकोनं आदल्या दिवशी स्वच्छ धुतला होता आणि तळाशी पाणी राहिलं होतं. निम्मी इंजिनं मामांनी अशी नुसती बोलून दुरुस्त केली आहेत. उरलेल्या निम्म्यांचे खोललेले नट ते डोक्यावरच्या टोपीत ठेवत आणि काम झाल्यावर तशीच टोपी डोक्यावर चढवत. माझ्या मेहुणीच्या लग्नात अक्षता टाकताना त्यांनी टोपी जरा सारखी केली, तर ऐन मंगलाष्टकात नवरदेवाच्या पुढ्यात एक वायसर टणकन पडलं.

इंजिनाला कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. मी जावई असलो तरी बारामतीत मुलांना भूगोल शिकवणारा माणूस, माझी अक्कल ती किती. पहिल्याच भेटीत त्यांच्या बोटीचं हँडल मारायला गेलो, ते उलटं फिरलं, मनगट सुजलं आणि रागाच्या भरात मी "खटारा" असा शब्द वापरला. मामांनी माझ्या मनगटाला हळद लावली, पण संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्येची माफी मागा जावईबापू, मंजे हे जेवतील." मी घाटाच्या पायऱ्या उतरून बोटीतल्या इंजिनाला नमस्कार करून आलो. लाज वाटली, पण काय करता.

तर अशा या इंजिनाचा मोठा सण म्हणजे खंडेनवमी. आपण सगळेच त्या दिवशी हत्यारं पुजतो, पण मामांचं प्रकरण अंमळ पुढचं. पाने, पकडी, पेचकस घासूनपुसून पाटावर मांडायचे, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. इंजिनाला कढत पाण्यानं आंघोळ, गंध, झेंडूची माळ, नारळ, आणि वर व्याह्याला करावा तसा पुरा आहेर. चाकाला नवा टॉवेल, आणि माथ्यावर इंजिन हवा ओढून घेतं तो जो डबा असतो, त्याच्यावर कडक खळीची पांढरी टोपी. "वरीसभर माझ्या पोटाला घालतंय, त्येला टोपी नको?" असं ते विचारत. त्या दिवशी बोट काठावरून हलत नसे. इंजिनाची सुट्टी म्हणजे सुट्टी.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला आम्ही नवरा-बायको तिकडेच होतो. पूजा आटपून मामा ओसरीवर टेकतात न टेकतात तोच पलीकडून भाच्याचा फोन आला. पलीकडे म्हणजे पाण्याच्या पल्याड, करमाळ्याच्या अंगाला, मामांची थोरली बहीण अक्का राहते. धरणाआधी मधे नुसती नदी होती, तेव्हा मामा कालवणाची वाटी घेऊन उथळ पाण्यातून चालत बहिणीकडे जात. मग पाणी पसरलं आणि बहिणीच्या घरी जायला इंजिन लागू लागलं. भाचा म्हणाला, आईच्या छातीत दुखतंय, पुण्याला न्यायचंय, ऑपरेशन करावं लागेल, अकराला गाडी निघतीय. मग अक्कानं फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "यिऊन जा रं बाबा."

रस्त्यानं धरणाला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. बाकीच्या बोटी सकाळीच पलीकडे गेलेल्या. मामा उठले, घाटावर गेले. चाकात अडकू नये म्हणून माळ काढली, टॉवेल सोडला, हँडल मारलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प बसलं. पुन्हा मारलं. दहा वेळा मारलं. सत्तरीचा माणूस घामानं निथळला. मग ते घरी गेले आणि पाटावरच्या पुजलेल्या हत्यारांतून दोन पाने उचलून कपाळाला लावून घेऊन आले. मामी दारातच उभ्या होत्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, पण त्या माझ्या बायकोला घेऊन मागोमाग घाटावर आल्या.

मामांनी डिझेलचा पाईप सोडला, त्यातली हवा काढली, नोजल खोलून पुसलं. एक नट बोटीच्या तळातल्या पाण्यात पडला, तो चाचपडून काढला. सगळं परत बसवून हँडल मारलं, तरी काही नाही. दर दोन मिनिटांनी ते पलीकडे बघत. कोपरापर्यंत काळे झालेले मामा मी पाहिले होते, पण असे भ्यायलेले कधी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं. आणि एकाएकी लक्षात आलं की या माणसानं आज एकही प्रश्न विचारलेला नाही.

"मामा, खाली बसा," मी म्हणालो. "काल बंद कुणी केली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर पाण्यात उडी मारली असती. "मीच केली. आन् सुरळीत चालत हुती."

"डिझेल?"

"हातानं गाळून वतलंय."

"मग आज सकाळपासून इंजिनाला काय काय केलं?"

"काय करनार? आंगूळ घातली, पुसलं, गंध लावलं, नारळ फोडला, टावेल गुंडाळला, टोपी..."

तिथं मामा थांबले. मामी, बायको, मी, आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. हवेच्या डब्यावर सांडलेलं नारळाचं पाणी शोषून घट्ट बसलेली ती टोपी तासभर आम्हा चौघांच्या डोळ्यांसमोर होती. पण आहेराची टोपी कुणी कुणाच्या डोक्यावरून काढतं का? इंजिनाचा श्वास कोंडला होता आणि आम्ही त्याचा मान राखत बसलो होतो. मामांनी दोन्ही हातांनी टोपी उचलली, हँडल मारलं, आणि इंजिन पहिल्या झटक्याला धडधडलं. मला हसू आवरेना. मामांना हसू आलं नाही. अकरा वाजून गेले होते.

आम्ही चौघं बोटीनं पोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर गाडी अजून उभी होती. अक्कानं ती हट्टानं थेट पाण्यापर्यंत आणवली होती आणि दार उघडं टाकून मागच्या सीटवर बसली होती. भाचा घड्याळ बघत होता. मामा बोटीतून उतरून गुडघाभर पाण्यातून गेले आणि गाडीजवळ हात मागे बांधून उभे राहिले.

"पाया पडत न्हाय अक्का, हात काळं हायती."

अक्कानं त्यांचा हात मागून ओढून घेतला आणि आपल्या गालावर दाबून धरला. "किती वाळलास रं," म्हणाली. दुसरं काही बोलायला वेळच नव्हता. गाडी निघाली तेव्हा तिच्या गालावर चार काळी बोटं उमटलेली आम्हाला काचेतून दिसत होती.

अक्का परत आली नाही. दहावा पलीकडच्या काठावरच झाला. तिथं भाच्यानं सांगितलं, की पुण्यापर्यंतच्या वाटेत आईनं कुणाला तोंड पुसू दिलं नाही. ऑपरेशनला नेताना नर्सनं साबण लावायला घेतला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, भावाचा हात हाय." नर्सनं तरी घासलं, पण डाग काही पुरता गेला नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "साबनानं न्हाय निगत त्ये," ते हळूच म्हणाले, "डिजेलनं पुसावं लागतं." आणि मग पाण्याकडे तोंड करून बसले, ते आम्ही निघेपर्यंत उठले नाहीत.