मागच्या खोलीची ओल

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासण्यात बावीस वर्षं गेली माझी. लोक किती मनापासून खोटं बोलतात आणि कागद मागितला की कसे गळपटतात, हे रोज बघते. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देते, इतकंच. आमची पहिली स्कूटर आम्ही अमावास्येला घेतली होती, कारण शोरूममध्ये त्या दिवशी गर्दी नव्हती! तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. मीही हसले असते... पूर्वी.

आमचं घर नाशिकला, आडगाव नाक्याच्या अलीकडे आतल्या गल्लीत. बाबा ओझरच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्याच खात्यातल्या सहा जणांनी मिळून ओळीने सहा रो-हाऊस बांधून घेतली, त्यातलं आमचं टोकाचं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागची खोली, वर दोन खोल्या, पुढे झोपाळ्यापुरता व्हरांडा. बांधकाम चालू असताना कारखान्याच्या बसमधून उतरून बाबा आधी भिंतींवर पाणी मारायचे आणि मग चहा प्यायचे, असं आई सांगते. सांगायची.

वास्तुशांतीला स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली. तिथली फरशी नंतर बसवली, म्हणून तिचा रंग बाकीच्यांपेक्षा जरा फिका. आईने त्या फरशीवर कधी केराची बादली ठेवली नाही. आणि आम्ही घरात काही वेडंवाकडं बोललो, "माझं नशीबच फुटकं" वगैरे, की ती डोळे वटारायची. "वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात अभद्र बोलू नये." तुमच्याही घरात हे कोणी ना कोणी म्हणत असेलच. आपण ऐकतो आणि सोडून देतो.

बाबा गेल्यावर आई तिथे एकटीच राहिली. मी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी जानेवारीत ती बाथरूममध्ये पडली. सकाळी सात ते अकरा तशीच पडून होती. दुधाची पिशवी दारातच दिसली म्हणून शेजारच्यांनी हाका मारल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब. पण ते चार तास माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक फ्लॅट मिळत होता, आईला स्वतंत्र खोली, बाथरूमला दांडे लावून घेता येतील असा. आम्ही बुकिंग केलं. दिवाळीपर्यंत नाशिकचं घर विकलं गेलं नाही तर बुकिंग रद्द, आणि आई पुन्हा त्या बाथरूममध्ये एकटी. घर बाबांनी माझ्याच नावावर केलेलं, त्यामुळे सही माझी. आई एवढंच म्हणाली, "करा काय करायचं ते."

आणि घर जाईना! गल्लीच्या तोंडाशीच नवा टॉवर उभा राहत होता. एजंट पार्टी आणायचा, आमच्याकडे दहा मिनिटं आणि मग टॉवरचा सॅम्पल फ्लॅट. तिथे एसी, कॉफीचं मशीन, टाय लावलेली मुलं. शिवाय आमच्याच ओळीत आणखी दोन घरांवर "विकणे आहे"च्या पाट्या. ज्यांच्या वडिलांनी एकत्र पाया खणला, त्यांची मुलं एकमेकांचा भाव पाडत बसलेली.

त्यात आमची आई. आलेल्या प्रत्येक पार्टीला ती पाणी द्यायची, चहा टाकायची आणि स्वतः घर दाखवायची. "या खिळ्याला मीनूचं दप्तर असायचं. इथे बसून हे दाढी करायचे." मग मागच्या खोलीत नेऊन भिंतीला हात लावायची. "इथे पावसाळ्यात ओल येते बरं का. आषाढ लागला की हजर. बघा, इथवर चढते." कमरेच्या जरा वर, बरोब्बर जागा दाखवायची. बाबांनी त्या भिंतीला काय काय केलं होतं, ती मात्र बत्तीस वर्षं ओल धरतच होती. पार्टी "कळवतो" म्हणून जी जायची ती जायचीच.

"आई, कशाला सांगतेस?"

"उद्या त्यांनी कपाट लावलं तिथे, तर कपडे कुजतील ना गं त्यांचे!"

दर शनिवारी पुण्याहून बसने यायचं, नाशिकात शिरताना द्वारकेच्या सिग्नलला अर्धा तास तिष्ठायचं आणि रविवारी हात हलवत परत. सप्टेंबर उजाडला तेव्हा मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. आमचा एजंट रवीभाऊ म्हणाला, "ताई, दुसरी पार्टी आहे म्हणून सांगा ना."

"सगळेच सांगतात की."

"म्हणून नुसतं सांगू नका. माणूस उभा करा. कोण, कुठला, कसा. मग पार्टी घाबरते."

त्याच शनिवारी तो एक तरुण जोडपं घेऊन आला. दोघंही नोकरीवाले, बोलायला गोड. त्यांना घर आवडलेलं दिसत होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून माणूस उभा केला. म्हटलं, "देवळ्याचे एक रिटायर गुरुजी मागे लागलेत. फार साधी माणसं हो. चपला चोरीला जातील म्हणून पिशवीत घालून आत घेऊन येतात! त्यांच्या मिसेसना झोपाळा फार आवडलाय. उद्या अकराला येणार आहेत." ती दोघं हसली. मलाही माझंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात आईने मागच्या खोलीतून हाक मारली. "या, ही ओल बघून घ्या."

मुलीचा चेहरा पडला. आणि माझं डोकं फिरलं. मी तिला अडवून हळू आवाजात म्हणाले, "अहो, ओल वगैरे काही येत नाही त्या भिंतीला. आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. तिला आता काही आठवत नाही. हे घर काय आणि दुसरं काय, तिला सगळं सारखंच."

आई दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं. रागावली नाही, रडली नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मीनू, घरात असं बोलू नये गं." आणि चहाचे कप विसळायला लागली.

मी त्या फिक्या फरशीवर उभी होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

त्या जोडप्याने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. रविवारी मी परतीची बॅग भरत होते. अकराच्या सुमारास फाटक वाजलं. बाहेर एक सत्तरीचे गृहस्थ, पांढरा सदरा-पायजमा, मागे त्यांच्या मिसेस. ओळीतलं दुसरं एक घर बघायला आले होते, त्याला कुलूप होतं, म्हणून आमची पाटी वाचून थांबलेले.

"आम्ही देवळ्याहून आलो. शाळेत होतो मी. बघू का घर?"

मी "या" म्हटलं. त्यांनी चपला काढल्या, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, चपला त्यात घातल्या आणि पिशवी हातात धरून आत आले. माझ्या बघण्याचा त्यांनी वेगळाच अर्थ घेतला. "एका लग्नात नव्या कोऱ्या गेल्या हो माझ्या. तेव्हापासून सवयच लागली." मिसेस तोवर झोपाळ्यावर बसून नवऱ्याला अहिराणीत म्हणत होत्या, "घर चांगलं शे."

मी आत जाऊन रवीभाऊला फोन लावला. "तूच पाठवलंस ना यांना?" तो शपथा घ्यायला लागला. कालची गंमत त्याने कोणाला सांगितली नव्हती, आणि त्या देवळ्याच्या माणसांना तो ओळखतही नव्हता.

गुरुजींनी घर नीट फिरून पाहिलं आणि मागच्या खोलीत येऊन विचारलं, "ओल येते का ताई इथं? खरं सांगा."

मी आईकडे पाहिलं. आता ही सांगणार आणि हेही गिऱ्हाईक गेलं! आई कॉटवर बसली होती. तिने भिंतीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो घर. कोणाचं आहे?"

गुरुजी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. आणि मला... हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते... मला बरं वाटलं. वाटलं, शहाणी झाली म्हातारी, साथ देतेय. मी म्हटलं, "नाही हो, ओल नाही येत."

सौदा तिथेच ठरला.

पुढच्या पंधरा दिवसांत आईने गॅस दोनदा उघडा ठेवला. बाबांच्या फोटोला "हे कोण?" विचारलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घर सोडायचा ताण असतो, आधीपासून थोडं असणारच, तुमच्या लक्षात आलं नसेल. आधीपासून? जी बाई गेल्याच आठवड्यात ओल कुठवर चढते ते बोटाने दाखवत होती, तिला? मी क्लेमवाली आहे, मला तारखा कळतात. डॉक्टरांशी मी भांडले, आणि मग त्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून खूप रडले.

ताबा द्यायच्या दिवशी सामान टेम्पोत गेलं, आईला गाडीत बसवलं. मी "कुलूप लावून येते" म्हणून आत गेले. भर दुपार होती. रिकाम्या स्वयंपाकघरात त्या फरशीवर उभी राहिले आणि मोठ्याने बोलायला लागले. "आईला सगळं आठवतं. हे घर तिचं आहे, तिला सगळं आठवतं." किती वेळा म्हटलं कोण जाणे. आवाज बसला. शेवटी नुसतं "चुकले, चुकले" एवढंच तोंडातून निघत होतं. वास्तू काही बोलत नाही हो. तिच्या होकाराचा आवाज येत नाही आणि नकाराचाही येत नाही.

गाडी निघाली. बत्तीस वर्षं ज्या दारात तिने रांगोळी काढली, त्याकडे आईने वळूनही पाहिलं नाही. नाका ओलांडल्यावर मला म्हणाली, "माणसं चांगली होती. आपण कोणाकडे आलो होतो गं?"

दांडे लावलेलं बाथरूम, तळमजला, सगळं मिळालं. आई आता पडत नाही. मला ती "अहो बाई" म्हणते. "तुम्ही जेवलात का?" असं अदबीने विचारते. स्वतःच्या आईच्या तोंडून "तुम्ही" ऐकणं म्हणजे काय, ते शत्रूलाही कळू नये.

एक दिवस राहवलं नाही, गुरुजींच्या मिसेसना फोन करून सगळं सांगितलं. देवळ्याचा माणूस उभा केला तेसुद्धा. फक्त ओलीचं तेवढं सांगितलं नाही. तिथेही जीभ अडलीच. काकू जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता घर आमचंय ना? मग वास्तू आमचं ऐकंल. मी रोज दिवा लावताना म्हणते, त्या आजीला समदं आठू दे." आणि त्या खरंच म्हणतात, रोज.

यंदाच्या आषाढात, दुपारी, मी आईचे केस विंचरत होते. एकाएकी ती ताठ बसली आणि म्हणाली, "मागच्या खोलीला ओल येते. त्यांना सांगितलंस ना, मीनू?"

मीनू! दहा महिन्यांनी! माझ्या हातातून फणी पडली. तिला मिठी मारून मी वेड्यासारखी हसत-रडत होते. तशीच फोनकडे धावले. म्हटलं, "काकू, आईला आठवलं! आणि मला माफ करा, मी तुमच्याशी खोटं बोलले. मागच्या भिंतीला ओल येते. दरवर्षी येते. कपाट असेल तर हलवा आधी."

पलीकडे पावलांचा आवाज आला. त्या बघायला गेल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "ओल? नाय हो ताई. एवढा पाऊस झाला, गोदेला पूर येऊन गेला. भिंत कोरडी ठाक हाय. कपाटात यांचे जुने कागद हायेत, तेबी दमट नाय."

बत्तीस वर्षांत त्या भिंतीने एक पावसाळा सोडला नव्हता. मीच म्हणाले होते ना, त्या फरशीवर उभी राहून — ओल येत नाही. म्हणजे माझा शब्द वास्तूने अजून धरून ठेवलाय. आणि तो धरलाय, तर त्याच दमात बोललेला दुसराही...

खोलीत परत आले तर आई खाली पडलेली फणी उचलून माझ्यापुढे धरत होती. "अहो बाई, ही तुमची का?"

याला स्पष्टीकरण नाही माझ्याकडे. त्या भिंतीला बाहेरून कोणी डांबर लावलं असेल म्हणून विचारलं, कोणी लावलेलं नाही. ते एक वाक्य आईला कुठून आठवलं, तेही डॉक्टरांना सांगता येत नाही.

मी मात्र रोज संध्याकाळी फोन करते. काकूंना कारण सांगून टाकलंय. ती एक भिंत ओली झाली, माझा तो एक शब्द खोटा पडला, तर कदाचित दुसराही पडेल. दुसऱ्याच्या घराला ओल लागावी म्हणून देवाचा धावा करते, इतकी मी खालच्या थराला गेले आहे. काकू रागावत नाहीत. "येऊ दे हो ताई ओल," म्हणतात, "रंग काय, पुन्हा देता येतो." मग फोन हातात घेऊन मागच्या खोलीत जातात, भिंतीवर हात फिरवतात. हात फिरवल्याचा आवाज मला इथे ऐकू येतो.

आणि मग म्हणतात, "कोरडीच हाय, ताई."