सुभाषच्या सहा गोळ्या

ईशान्येच्या डोंगरात आमची पोस्टिंग होती. मी युनिटचा आर्मरर, हुद्दा हवालदार. सकाळी कोत, म्हणजे शस्त्रागार उघडायचं, हत्यारं द्यायची, संध्याकाळी तपासून परत घ्यायची. दिवस असेच जात.

नव्या जवानांना मी रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा इतिहास हौसेने सांगत असे, त्यांनी विचारलेला नसला तरी. आधी फोर फिफ्टी-फाइव्हची जाडजूड गोळी होती. मार जबर, पण धक्का असा की नवख्याचा नेम आभाळात जायचा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी थ्री-एट्टी आणली. बारीक, तरी शिसं भरपूर. पुढे मऊ शिसं युद्धाच्या नियमांत बसत नाही अशी शंका निघाली, म्हणून तिला कडक धातूचं कवच चढवलं आणि वजन घटवलं. इंग्रज गेले, ही आमच्याकडे राहिली. तिचा एक गुण मला फार आवडे. एखादी फुसकी निघाली तरी अडत नाही. पुन्हा ट्रिगर ओढा, सिलेंडर फिरतो, पुढची गोळी समोर येते.

तिचा खरा शत्रू तेल. गोळीच्या बुडाशी कॅप असते. हॅमरचा घाव बसला की ती पेटते. तिथे तेल झिरपलं की ती मेलीच. हे मी घसा बसेपर्यंत बजावलं होतं. पण इन्स्पेक्शनला पितळ चमकलंच पाहिजे, असा आमच्या सुभेदारसाहेबांचा खाक्या. मग जवान माझ्याकडे पाठ करून तेलाच्या चिंधीने गोळ्या घासत. नायक सुभाष त्यात सगळ्यांच्या पुढे. विदर्भातला, हसरा, कमालीचा टापटिपीचा. तो डॉन आर, म्हणजे मोटरसायकलवरून डाक नेणारा. मी खेकसलो की म्हणायचा, "उस्ताद, इथे गोळी चालवायची वेळच कुठे येते?"

ती आली. दुपारी डाक घेऊन जाताना वळणावरच्या मोरीपाशी त्याच्यावर फायर आलं. आमची तुकडी धावली. थोड्या वेळाने रेडिओवर ऐकू आलं.

"डॉन आर किल्ड. वेपन रिकव्हर्ड. नॉट फायर्ड. ओव्हर."

रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर आलं. सहाच्या सहा गोळ्या आतच होत्या. एकेक काढून उलटी धरली. प्रत्येक कॅपवर हॅमरचा घाव होता. चार गोळ्यांवर दोन-दोन. म्हणजे सगळ्या फुसक्या निघाल्यावर सुभाषने पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली होती आणि चौथीपर्यंत पोचला होता. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. चौकशीत हे सगळं सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मान डोलावली. घरी कळवलं असेल, असं मी धरून चाललो.

आता निवृत्त होऊन मी पुण्यात कर्वेनगरात राहतो. गेल्या महिन्यात सुभाषची पत्नी, सुनंदावहिनी, मला भेटायला आमच्या सोसायटीत आल्या. मुलगा आयटीत आहे, त्याच्याकडे वाघोलीला असतात. युनिटमधल्या कुणाकडून तरी माझा पत्ता मिळवला होता. चहा पुढे ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. रेडिओवरचे 'नॉट फायर्ड' हे दोन शब्द कुणीतरी सुट्टीवर जाताना त्यांच्या गावी नेले होते. हत्यार भरलेलंच सापडलं, गडी घाबरला, अशी बोलवा झाली होती.

"भाऊ, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "ते घाबरले होते का?"

मी त्यांना घावांचं सांगितलं. चार गोळ्यांवर दोन-दोन, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"मग उडाल्या का नाहीत?"

"जुन्या होत्या."

तेलाचं सांगितलं नाही, सांगणारही नाही. टापटिपीची शिक्षा त्याने भोगली, तेवढी पुरे.

 वहिनी पदराने चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, "सासूबाईंनी यांचा फोटो भिंतीवर कधी लावू दिला नाही, भाऊ. लाज वाटायची त्यांना. मागच्या वर्षी गेल्या."